जी मध्ये पहा जी

१

हिरालालच्या सुनेच्या साडीवर शिंगाडे होते, आणि ते शिंगाडे अजून जगात यायचेच होते.

बपेऱ्याचं लग्न. पंगत उठली होती. मी आणि मेघा मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो होतो. मेघा मोहाडीजवळच्या विणकर संस्थेत नक्षी काढते. तिनं कम्प्युटरवर साडीचा काठ काढायचा, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची, ते पुठ्ठे मागावर चढायचे, असं तिथलं काम. समोरून हिरालालची सून गेली आणि मेघानं चालत्या बाईचा पदरच धरला. मला वाटलं, पोरीला भोवळ आली.

"ताई, हा माहा काठ होय," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. आमच्याकडे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीला करवती काठ असतो, करवतीच्या दात्यांचा. मेघानं त्या दात्यांच्या जागी तळ्यातले शिंगाडे बसवले होते. दोन शिंगांचा एक शिंगाडा सुलटा, पुढचा उलटा. आजीचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती महिन्याभरापूर्वी बपेऱ्याला आली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं मला ते पडद्यावर दाखवले होते. एक पुठ्ठा पडला नव्हता, एक धागा विणला नव्हता. आणि इथं तोच काठ मशीनच्या छापील साडीवर, झगझगीत गुलाबी रंगात, जिलेबी खात फिरत होता.

काठ जगात एकाच जागी होता, आणि ती जागा मी बांधलेली; कम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. पुठ्ठ्यांचा प्रोग्राम इतका जुना की नव्या कम्प्युटरवर तो उभाच राहत नाही. मग मी संस्थेच्या नव्या कम्प्युटरच्या आत एक जुना कम्प्युटर बसवून दिला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. संस्थेतले लोक 'पोटातला कम्प्युटर' म्हणतात. बाहेरून पाहिलं तर पडद्यावरची एक खिडकी. आत त्याचा स्वतःचा पासवर्ड, स्वतःच्या डिस्का, स्वतःचा कारभार. पासवर्ड दोघींनाच ठाऊक, मेघाला आणि मला.

भैयाजी संस्थेचे अध्यक्ष. ते लग्नातच होते. त्यांनी साडी पाहिली, मेघाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सोमवारी सभा लावतो. तोवर मेघानं संस्थेची पायरी चढू नोये. अन् काठाच्या नोंदणीच्या अर्जावर तिचं नाव हाय, ते बी काढा लागते."

"भैयाजी, चौकशी तं करा," मी म्हणाले.

"कायची चौकशी व शुभांगी? पेटीले दोन किल्ल्या. एक इच्याजवळ, एक तुह्याजवळ. तू तं नेली नसशीन."

मी हसले. खरंच हसले. आज ते हसू आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

२

माझी जीभ तिखट आहे, मोहाडीत कोणालाही विचारा. भैयाजींना मी तिथंच सुनावलं, की सोमवारच्या आत चोर दाखवते, नाही तर तुमच्या संस्थेचा माउससुद्धा दुरुस्त करणार नाही. ते म्हणाले, "पाह्य बाई." मग मेघाला घेऊन मी संस्थेत गेले. पायरी चढू नको म्हटलं होतं, म्हणून ती बिचारी अंगणात शेवग्याखाली उभी राहिली आणि मी खिडकीतून तिच्याशी बोलत राहिले.

"जायच्या आधी पेन ड्राइव्हवर घेतला होता का काठ? खरं सांग."

"नाही जी ताई. कायले घेऊ? आल्यावर पुठ्ठेच पाडायचे होते."

"पासवर्ड कोणाले सांगितला?"

"तुमी इचारून राहिल्या का हे?" तिचे डोळे भरले. मी मान फिरवली. विचारायला तर पाहिजेच होतं, पण विचारताना मला बरं वाटलं नाही.

कम्प्युटर चालूच होता. संस्थेचे हिशोबनीस विनोद त्याला कधीच बंद करत नाहीत, फक्त पडदा काळा करतात. दिवाळीच्या पूजेतही त्याला चालू ठेवूनच कुंकू लावतात. पडदा लावला तर पोटातल्या कम्प्युटरची खिडकी बंद होती. बरोबर आहे, मेघा महिनाभर नाही, कोण उघडणार? पण पंखा मात्र चढ चढल्यासारखा धापा टाकत होता.

मी यादी उघडली. पोटातला कम्प्युटर: चालू.

खिडकी नाही आणि मशीन चालू. असं एकाच रीतीनं होतं. त्या मशीनला उठवायचे दोन रस्ते आहेत. एक साधा, माउसनं टिचकी मारा, खिडकी उघडते, पासवर्ड घाला, काम करा. दुसरा रस्ता काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करण्याचा: अमुक मशीन, अमुक माणूस, अमुक पासवर्ड, आतला अमुक प्रोग्राम चालव आणि अमुक काम कर. खिडकी लागत नाही. घराबाहेरून हाक मारावी आणि आतल्यानं दार न उघडता काम करून ठेवावं, तसं. आतला प्रोग्राम चालतो, पण तोंड दाखवत नाही.

हा रस्ता मेघाला ठाऊक नव्हता. मीच तो एकदा वापरला होता. मी तुमसरला माहेरी तापानं पडले होते आणि मेघाचा दुकानात फोन आला, की खिडकी अडकली, माग थांबलाय. माझ्या दुकानातून संस्थेच्या कम्प्युटरवर दुरून काम करायची सोय आहे. मी खाटेवरून ती ओळ अक्षर अक्षर सांगितली, दुकानातून ती टाइप झाली, पोटातलं मशीन उठलं आणि पुठ्ठे पडले. मेघा म्हणाली, ताई तुम्ही जादूगार. मीही दोन दिवस तशीच मिरवले.

आता मी खिडकी उघडून आत शिरले. आत नक्षीचा प्रोग्राम खरोखर चालू होता, फक्त दिसत नव्हता. कोणीतरी त्याला बाहेरून हाक मारली होती आणि तो अजून कशाची तरी वाट पाहत अडून बसला होता.

त्याला काय सांगून उठवलंय, हे आतल्या मशीनला विचारता येतं. मी विचारलं. उत्तर एका ओळीत आलं: शिंगाड्याचा काठ उघड, आणि जी ड्राइव्हवर ठेव.

पोटातल्या कम्प्युटरला जी ड्राइव्हच नाही.

३

मला चोराचं हसू आलं. बाहेरून ओळ लिहिणारे नवशिके ही चूक हमखास करतात. ओळ बाहेर टाइप केली तरी ती पाळली जाते आत. तिथं लिहिलेला पत्ता आतल्याच्या घरचा धरला जातो, तुमच्या घरचा नाही. चोरानं आपल्या पेन ड्राइव्हचं अक्षर लिहिलं. आतल्या बिचाऱ्यानं आपल्या घरात जी शोधला, सापडला नाही, म्हणून विचारलं असणार, "जी नाही, दुसरीकडे कुठं ठेवू?" तो प्रश्न कोणाला दिसलाच नाही, कारण प्रोग्रामला तोंडच नव्हतं. महिनाभर तो प्रश्न विचारून उभा आहे. पुढं चोरानं दुसरी ओळ लिहून काम साधलं असेल, पण पहिली तशीच राहिली.

तेव्हा ज्याच्याकडे पेन ड्राइव्ह 'जी' म्हणून येतो, तो चोर. मी विनोदांना बोलावलं.

"तुमचा पेन ड्राइव्ह लावा."

"म्हणजे माह्यावर संशय आहे का?"

"लावा म्हटलं न."

त्यांनी रागारागानं खिशातून काढून लावला. पडद्यावर आला ई. "आमच्याकडे ई मध्येच येते," विनोद म्हणाले, "सगळ्यायले माहीत आहे. अन् मी कायले चोरू? मले तं तो काळा पडदा पाहूनच बीपी चढते." मग आवाज खाली आला. "खोलीची किल्ली माह्याजवळ होती शुभांगीताई. मेघा पोर गुणाची आहे. भैयाजीसमोर मी तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. त्याची लाज वाटून राहिली." तुमची तुम्ही पाहा, असं काहीतरी मी बोलले. माझं मन 'जी'वर होतं.

हिरालाल कोशाच्या धाग्याचे व्यापारी, संस्थेला धागा तेच देतात. त्यांच्या ओट्यावर मी सरळ विचारलं, "काका, सुनेची साडी कुठची?"

त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं. "तू मलेच इचारून राहिली का पोरी?"

"मग कोणाले विचारू? सोमवारी मेघाले काढून राहिले."

त्यांनी अडकित्ता मिटला. "जाऊ दे. नागपूरची समज," म्हणाले. "कोशाचा धागा विकणाऱ्याची सून छापील साडी नेसून लग्नात गेली, हेच माह्यासाठी गावभर झालं. आणखी कायले खोदतं?" आणि त्यांनी मला चहा न देता उठवलं. हिरालाल काकांच्या ओट्यावरून चहाशिवाय उठलेली मी पहिलीच. मला वाटलं, लाज सुनेची आहे.

घरी आले तर हे जेवायचे थांबले होते. हे म्हणजे माझे यजमान. आमचा गाळा एकच आहे, पुढे ह्यांचं साड्यांचं दुकान, मधे पडदा, मागे माझी दुरुस्ती. मी डिप्लोमा केलाय, चार माणसांत तोंड वर करून बोलते, पण नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यावरून मैत्रिणी चिडवतात. सासूबाई सासऱ्यांना 'जी' म्हणायच्या, मीही 'जी' म्हणते. काय जी, ऐकता का जी, जेवता का जी.

"काय जी, वाढू का?"

"वाढ. काय झालं संस्थेचं?"

मी सगळं सांगितलं, जी ड्राइव्ह सोडून. तो माझा हुकमी पत्ता होता, सभेत टाकायचा होता. ते भात कालवत होते.

"मेघानंच केलं असन," शेवटी म्हणाले. "तू कायले मधात पडतं? पोरगी हाय, दुसरीकडे लागन कामाले. आपल्याले या गावात रायचं आहे."

"लागन कामाले? चोर म्हणून कोण ठेवीन तिले?"

ते भात अर्धा टाकून उठले. ह्यांनी ताटात भात टाकलेला मी कधी पाहिला नव्हता.

४

शनिवारी दुपारी डोमा आला. डोमा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्यासारख्यांसाठीच मी दुकानच्या कम्प्युटरला दोन खाचांचा कार्ड रीडर बसवलाय. नाना तऱ्हेची कार्डं लागतात, पण तो लावल्यापासून त्यानं ओळीनं ई आणि एफ ही मधली अक्षरं खाऊन टाकली आहेत. डोमानं बपेऱ्याच्या लग्नाचा पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यात डोकं घातलं.

"ताई, दिसून नाही राहिला जी."

"जी मध्ये पहा जी," मी म्हणाले.

हे मी दिवसातून दहादा म्हणते. गिऱ्हाईक विचारतं, कुठं आहे जी, मी म्हणते, जी मध्येच आहे जी, आणि ते हसतं. डोमाही हसला. त्याला जी मध्ये फोटो सापडले. हिरालालची सून गुलाबी साडीत जिलेबी खात होती.

मला बसायला स्टूल सापडेना.

संस्थेत ई येतो. माझ्या दुकानात जी येतो. ज्यानं ती ओळ लिहिली तो माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या कम्प्युटरवरून, संस्थेच्या कम्प्युटरच्या पोटात हाक मारत होता. पासवर्ड? तो त्या ओळीतच होता. मी तापात खाटेवरून सांगितलेल्या ओळीत. मघाशी मी तुम्हाला सांगितलं, दुकानातून ती टाइप झाली. कोणी टाइप केली ते सांगितलं नाही. तुम्हाला फसवायला नव्हे हो. माझ्याच डोक्यात तो माणूस कुठं नव्हता. घरातला माणूस टाइप करतो तेव्हा आपणच केल्यासारखं वाटतं.

"ताई, प्रिंट कवा देता?" डोमानं विचारलं.

"उद्या ये."

"उद्या रविवार."

"मग परवा ये, पण आता जा बाबा."

तो गेला. पडद्यापलीकडे हे गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत होते. पदर, पदरावरचं काम, रंग जाणार नाही. मी मागच्या दारानं घरात गेले आणि ह्यांचं कपाट उघडलं. का उघडलं ते मला ठाऊक नाही. हिरालाल काकांचा न दिलेला चहा आठवला म्हणून असेल.

खालच्या कप्प्यात, ह्यांच्या स्वेटरखाली, प्लॅस्टिकमध्ये एक साडी होती. मोरपंखी, माझ्या आवडीचा रंग. काठावर शिंगाडे. वर चिठ्ठी टाचलेली, ह्यांच्या अक्षरात: शुभाला, वाढदिवसाची.

५

दुकान बंद करून हे आत आले तेव्हा साडी मी पलंगावर मांडून ठेवली होती. त्यांनी ती पाहिली आणि चप्पल न काढताच भिंतीला टेकून खाली बसले.

"पहिल्या गठ्ठ्यातली होय," ते म्हणाले. "तुह्यासाठी बाजूले काढून ठेवली होती."

"काहून केलं?"

"आपण ज्याहीच्याकडून छापील साड्या घेतो ते सुरतवाले दर वेळी इचारत, तुमच्या भंडाऱ्यात नवीन काय? दर वेळी मी मान खाली घालत होतो. तू संस्थेत, ग्रामपंचायतीत, तहसीलीत, सगळीकडे शुभांगीताई. अन् मी? शुभांगीताईचे मिस्टर. गिऱ्हाईक बी तुहा पत्ता इचारत माह्या दुकानात येते. एकदा वाटलं, आपल्यापाशी बी काही असाव." ते थांबले. "मेघानं तुले काठ दाखवला तवा मी तुह्या मागंच उभा होतो. तू म्हणाली होतीस, असा काठ शंभर वर्षांत झाला नाही. ते डोक्यात बसलं."

"पहिल्यांदा जी लिहिलं न?"

त्यांनी चमकून पाहिलं. "तुले कसं समजलं? काहीच झालं नाही तवा. मले वाटलं ओळ चुकली. मंग संस्थेच्या अन् आतल्या मशीनच्या मधात तुवा सामाईक फोल्डर केला होता न, त्यात ठेवाले लावलं. तिथून इकडं ओढलं, तिथलं पुसलं, अन् सुरतले धाडलं."

"अन् हिरालाल काकाले माहीत आहे."

"त्याहीच्या सुनेनं आपल्याच दुकानातून नेली. काका काल आले होते. म्हणाले, पोरीच्या तोंडावर मले सांगता आलं नाही, तू सांग." त्यांनी डोळे पुसले. "मले बी नाही सांगता आलं."

म्हणजे काकांना माझी लाज वाटली होती. सुनेची नव्हे. ओट्यावर बसून मी त्यांना दटावत होते आणि ते माझी अब्रू झाकत होते.

"काठच तं होता शुभा," हे म्हणाले. "सोनं थोडीच होतं."

याच वाक्यानं मला राग आला. तोवर नुसती लाज होती, अंगभर, गोधडीसारखी. "आपलं नाव कुठंतरी राहावं म्हणून तिनं तो काठ काढला," मी म्हणाले. "तिची आई रंभाबाई जन्मभर विणत आली, एका साडीवर तिचं नाव नाही. पोरीचं नाव अर्जावर चढलं आणि तुम्ही ते पुसलं. सोमवारी तिले चोर म्हणतील."

"तू बोलली नाही तं कोणाले समजन?"

हे मात्र खरं होतं. जी ड्राइव्हची गोष्ट जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होती. दुकानातून एक ओळ लिहायची, आतला अडलेला प्रोग्राम मारायचा, मशीन झोपवायचं. कोणी विचारलंच तर म्हणायचं, काही सापडलं नाही. हिरालाल काका मरेस्तोवर तोंड उघडणार नाहीत. आमचं दुकान राहील, आमचं घर राहील, माझं 'शुभांगीताई'ही राहील.

रविवारी मी दोनदा त्या खुर्चीवर बसले. दुसऱ्यांदा अर्धी ओळ लिहिलीही. मशीनचं नाव, माणसाचं नाव, आणि मग पासवर्ड लिहायचा आला. मेघानं ठेवलेला पासवर्ड तिच्या आईचं नाव होतं. बोटं पुढं गेली नाहीत. मी ओळ पुसली.

६

सोमवारी मी ती मोरपंखी साडी नेसले.

ह्यांनी गाडी काढली, मला मागे बसवलं, संस्थेच्या फाटकाशी सोडलं आणि फाटकाबाहेरच थांबले. मी अंगणातून चालले तेव्हा मागांचा खटखटाट एकेक करून थांबला. विणकरांना काठ दुरून ओळखू येतो. रंभाबाई मागावरून उतरून दारात आल्या. मेघा सभेच्या खोलीत सगळ्यात मागे, भिंतीशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मला परत फिरावंसं वाटलं. तिला वाटलं असणार, शुभाताईच. दुसरी किल्ली.

"हे काय व शुभांगी?" भैयाजी उठूनच उभे राहिले. "ही कोठून आणली?"

"घरून."

मी विनोदांना पेन ड्राइव्ह लावायला सांगितला, ई आला, सगळ्यांना दाखवला. मग पोटातला कम्प्युटर उघडला, ती अडलेली ओळ वाचून दाखवली आणि समजावलं, की बाहेरून हाक मारणाऱ्यानं आपल्या घरचा पत्ता दिला आणि आतला महिनाभर तो पत्ता शोधत राहिला. माझा आवाज बरा होता. मशीनबद्दल बोलताना तो नेहमीच बरा असतो.

"मंग हा जी कोणाच्या घरचा?" भैयाजींनी विचारलं.

"माझ्या दुकानचा. तिथं पेन ड्राइव्ह लावला की जी मध्येच येतो. या खोलीत निम्म्या लोकांनी माझ्या तोंडून ऐकलं असेल."

निम्म्या लोकांनी माना खाली घातल्या. भैयाजी खुर्चीत टेकले. आता ते हळू बोलत होते. "बाई, तुह्या दुकानात तू बसतं. मंग आम्ही काय समजाव? तूच नेला?"

"नाही."

"मंग कोण? नाव घे."

त्यांना साधंच विचारायचं होतं. पण त्या शब्दासरशी दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्याकडे बाईला 'नाव घे' म्हणतात ते हळदीकुंकवात, लग्नात, हसत. बाई लाजते, उखाणा म्हणते. माझ्या लग्नात मी भलामोठा उखाणा घेतला होता, टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर माझ्या तोंडून ते नाव चार माणसांत गेलं नव्हतं.

"धर्मेंद्र," मी म्हणाले. "माझे यजमान. फाटकाशी उभे आहेत."

भैयाजींनी कपाळावर हात ठेवला. त्यांनी काही बोलण्याआधी हिरालाल काका कोपऱ्यातून उठले, फाटकाशी गेले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत घेऊन आले. ह्यांनी कोणाला न विचारता सगळं सांगितलं. जे मला सांगितलं होतं तेच, फक्त सोन्याचं वाक्य गाळून. मग मेघाकडे वळून हात जोडले.

मेघानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती भैयाजींना म्हणाली, "अर्जावर नाव कोणाचं रायते?"

"तुहंच रायते पोरी." भैयाजी खुर्चीतून उठले. "म्या लग्नात चारचौघात बोललो, आता चारचौघात माफी मागतो."

"तुमची माफी ठेवा. विकल्या न गेलेल्या साड्या परत आणा, अन् पोलिसात तक्रार द्या. सुरतवाल्यायचं नाव त्याच्यात पायजे."

तिच्या आवाजात राग नव्हता, याचंच मला भय वाटलं. विनोद कागद आणायला उठले. हे बाकावर बसले, जागा होती तरी टोकाला. मेघा माझ्या जवळ आली. मला वाटलं, आता ती काही म्हणेल, ताई म्हणेल, निदान शिवी देईल. तिनं माझा पदर उचलला, जसा बपेऱ्यात हिरालालच्या सुनेचा धरला होता, आणि काठावरून बोट फिरवलं.

"शिंगाडे उलटे छापले," ती म्हणाली. "सुलट्याच्या जागी उलटा." मग पदर सोडून कम्प्युटरपाशी बसली आणि विचारलं, "आतला अजून वाट पाहून राहिला का?"

"हो."

"कसं थांबवायचं, सांगा."

मी ओळ सांगितली. तिनं अक्षर अक्षर टाइप केली, पासवर्डपाशी आली तेव्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान दुसरीकडे वळवली. पंख्याचा आवाज हळूहळू उतरला. दुसऱ्या दिवशी तिनं पासवर्ड बदलला. नवा मला ठाऊक नाही, आणि संस्थेच्या दुरुस्तीला आता तुमसरहून माणूस येतो.

तक्रारीचं पुढं चालू आहे, तारखा पडताहेत. दुकानातला कार्ड रीडर मी काढून टाकला. आता पेन ड्राइव्ह ई मध्ये येतो. डोमा आला की अजून सवयीनं विचारतो, "जी मध्ये ना जी?" मी नुसतं पडद्याकडे बोट दाखवते.

घरी हे आहेत, मी आहे. सकाळी चहा झाला की मी पडद्यापाशी जाऊन उभी राहते. काय जी, म्हणायला तोंड उघडते आणि शब्द येत नाही. नाव तर सभेत घेऊन झालंय, ते आता घरात घेता येत नाही. मी कप ठेवते आणि ठक्कन वाजवते. तेवढ्यावर ते येतात.